मावशीचं दुपटं आणि माझी फूटपट्टी

समस्त आप्तेष्ट, अमरावतीच्या राजापेठेतले शेजारी, माझ्या शिकवणीचे आजी-माजी विद्यार्थी आणि अकोल्याचे तमाम नातलग यांना अत्यंत गंभीरपणे जाहीर करण्यात येतं की, खाली कबुली देणारा इसम, वय वर्षं बावन्न, धंदा दहावीचं गणित शिकवणे, याने आपल्या सख्ख्या मावशीने शिवलेल्या दुपट्याचे टाके चोरून उसवले आणि त्या जागी स्वतःचे घातले. कृत्य दिवसाढवळ्या, चष्मा लावून आणि पूर्ण शुद्धीत करण्यात आलं. साथीदार दोन. एक अकोल्याची वहिनी, दुसरी घरातली बायको. दुसरीचं म्हणणं असं की ती फक्त हसत होती.

आरोपीला सुई धरता येते, हे अमरावतीत बऱ्याच जणांना ठाऊक आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात बाहेर उभ्या असलेल्या स्कूटरवर बसणं म्हणजे तापल्या तव्यावर बसणं. एका वर्षी मी जुन्या चादरीचे चार पदर एकावर एक ठेवून आमच्या गाडीच्या सीटला गोधडी शिवली. ती बघून समोरच्यांनी मागितली, त्यांची बघून त्यांच्या साडूने. पुढच्या एप्रिलात आमच्या गल्लीतल्या निम्म्या दुचाक्या गोधडी पांघरून उभ्या होत्या आणि आजारी असल्यासारख्या दिसत होत्या. मग मला चेवच आला. कोणाला डब्याची पिशवी, कोणाला उशीचा अभ्रा, हिवाळ्यात कूलरला झबलं. एका जिवलग मित्राला त्याच्या वाढदिवशी चष्म्याचं मऊ अस्तराचं घर शिवून दिलं. तो त्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवतो आणि चष्मा शर्टाला अडकवतो. मी काही बोलत नाही. दिलेल्या वस्तूचं पुढे काय होतं ते देणाऱ्याने बघू नये, एवढं मला या छंदाने शिकवलं आहे.

हा छंद मला लावला मावशीने. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत मी अकोल्याला तिच्याकडे असायचो. दुपारी ती ओसरीवर जुनी लुगडी पसरून गोधडी भरायला बसली की माझं काम सुया ओवून ठेवायचं. पाच सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या की मला शेंगदाण्याचा लाडू मिळे. पुढे नुसतं ओवून माझं भागेना. मग तिने मला एक कोपरा दिला, आणि तो कोपरा मी इतका घट्ट शिवला की तेवढी गोधडी पापडासारखी कडक झाली. मावशीने ती उसवली नाही. "पायाकडं घेऊ हा कोपरा," एवढंच म्हणाली. ती गोधडी मी पुढे कॉलेजात असेपर्यंत पांघरली, आणि तो कोपरा दर थंडीत माझ्या पायाला टोचायचा.

तिच्या हातच्या प्रत्येक गोधडीत एक गोष्ट असायचीच. अगदी मधोमध, वरून चार बोटांचं एक चौकोनी ठिगळ, आणि त्याच्या खाली जवारीचे पाच दाणे. दाणे घातल्याशिवाय ती शेवटची गाठ मारत नसे. मी एकदा विचारलं तेव्हा तिने मलाच उलटा प्रश्न केला. "लेकराले उपाशी निजवतं का कोनी? मंग गोधडीले काहून उपाशी ठेवा?" मला हे एकदम पटलं. आजही पटतं. मी कूलरच्या झबल्यातसुद्धा दाणे घातलेत.

आमच्या घराण्यात जन्मलेलं एकूणएक मूल पहिल्यांदा निजलं ते मावशीच्या हातच्या दुपट्यावर. मी निजलो, माझी मुलगी निजली, मावशीचा मुलगा, त्याची मुलगी, सगळे. आता मावशी ऐंशीच्या पुढे गेली. डोळ्यांपुढे धुकं असतं. समोर माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते आवाजावरून. आणि अशात तिच्या नातीला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण म्हणून नात माहेरी, अकोल्यालाच होती.

मी बाळ बघायला गेलो तेव्हा मावशी दुपट्यावर शेवटचा हात फिरवत होती. तिचं स्वतःचं जुनं लुगडं आत, वरून नातीच्या लहानपणच्या फ्रॉकचे तुकडे, सुनेच्या एका साडीचा काठ. सुया कोणी ओवून दिल्या म्हणून मी विचारलं तर म्हणाली, सकाळी सून दहा सुया ओवून ठेवते, त्या दिवसभर पुरतात. मग जरा थांबून, हात न थांबवता म्हणाली, "हे एक माह्या हातचं जाऊ दे बाप्पा. हिच्या अंगाखाली घातलं की मंग सुई ठेवून देईन. पन हे जाऊ दे."

मी दुपटं हातात घेऊन वा वा केलं. आणि वहिनी, म्हणजे मावशीची सून, माझ्याकडे बघून जी वळली ती थेट स्वयंपाकघरात गेली. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने मागे गेलो.

वहिनी मोजकं बोलणारी बाई. तिने गॅसकडे बघतच सांगितलं. "भाऊजी, टाके पायले ना तुमी? लोंबून राहिले. लेकराचं बोट अटकलं त्याच्यात तं? मी बाळाखाली घालू शकत नाई, अन् नाई घातलं तं आईले समजते. त्या हात लावून पायतात रोज, अंगाखाली काय हाय ते."

खरं होतं. काही टाके बोट आत जाईल एवढे सैल, काही एकाच जागी सात-आठ. काही ठिकाणी धावदोरा मूर्तिजापूरच्या जुन्या छोट्या रेल्वेगाडीसारखा, मन मानेल तिथे थांबलेला. बारसं तीन आठवड्यांवर होतं. मी शिवतो हे वहिनीला माहीत होतं आणि तिने पाण्याचा दुसरा ग्लास मला न मागता भरून दिला.

बाहेर येऊन मी मावशीला थाप मारली. म्हटलं, दुपटं बारशापर्यंत घेऊन जातो, माझ्या बायकोला नमुना उतरवायचा आहे. मावशी खूश झाली. "तुह्या मोर्शीवालीले सुई धरता येते का?" म्हणाली. बायको मोर्शीची, संत्र्याच्या बागेतली. गेली सत्तावीस वर्षं मावशी तिला या एका गोष्टीवरून टोमणे मारते, आणि बायको दर वेळी संत्री पाठवते.

तर दुपटं अमरावतीला आलं. सकाळची आणि संध्याकाळची शिकवणी यांच्यामधली दुपार माझी. पहिले दोन दिवस नुसतं उसवण्यात गेले. एक एक टाका कापून काढताना मला वाटत होतं, आपण मावशीचा शब्द मध्येच तोडतो आहोत. पण त्या सैल फासांत मी माझंच बोट घालून बघितलं, आणि मग कात्री चालवली.

एकच जागा मी सोडली. मधलं चार बोटांचं ठिगळ. त्याला हात लावला नाही, एक तर मान म्हणून, आणि दुसरं म्हणजे तिथले टाके सरळ होते. अगदी सरळ, बारीक, एकाला एक लागून. डोळ्यांनी जे जमत नव्हतं ते तिने तिथे बोटांनी शोधून शोधून केलं होतं.

आता माझी चूक क्रमांक एक. गणिताचा मास्तर आहे मी. कापडावर नुसत्या नजरेने टाके घालणं मला जमेना. मी फूटपट्टी आणली, पेन्सिल आणली, आणि दुपट्यावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर रेघा मारल्या. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "समास बी सोडा. अन् वर तारीख टाका." मी लक्ष दिलं नाही. आठवड्याभरात त्या रेघांवरून असा धावदोरा घातला की आलेख काढायचा कागद लाजेल.

चूक क्रमांक दोन. पेन्सिल जाईना. खोडरबराने घासलं तर कापडावर करडे डाग पडले. तेव्हा मी बादलीत साबण कालवला आणि दुपटं रात्रभर बुडवून ठेवलं, सकाळी चोळलं, खळबळलं. रेघा गेल्या. गच्चीवर वाळत घातलं. भाद्रपदातलं आभाळ, ऊन यायचं, जायचं. संध्याकाळी हात लावून बघितलं तर कोरडं वाटलं. वरून वाटलं, हे मी आता म्हणतो. आतल्या लुगड्याच्या सात पदरांचा विचार तेव्हा मनात आला नाही.

मग मी त्या दुपट्यासाठी मापाची, अस्तराची, दोरी ओढून तोंड बंद होणारी पिशवी शिवली. माझ्या सगळ्या कारकिर्दीतली देखणी पिशवी. त्यात दुपटं घडी घालून ठेवलं, दोरी ओढली आणि पिशवी नीट राहावी म्हणून बायकोने ती फ्रिजच्या वर ठेवली. आमच्या घरात फ्रिजची वरची जागा कोमट असते. बायको तिथे मोड आणायला मटकीची पुरचुंडी ठेवते. त्या आठवड्यात मटकी आणि दुपटं शेजारी शेजारी होते. आम्ही दोघं शिकलेली माणसं रोज तिथून जात होतो.

चार दिवसांनी आम्ही बारशाला अकोल्याला निघालो. बसमध्ये पिशवी माझ्या मांडीवर. बडनेरा, मूर्तिजापूर, सगळा वेळ मी मनात उत्तरं जुळवत होतो. मावशीने टाके ओळखले तर काय सांगायचं? बायको म्हणाली, सांगायचं मोर्शीवालीनं शिवले, मग ती टोमणे मारत बसेल आणि विषय बदलेल. खरं सांगतो, हे उत्तर मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

घर बायकांनी भरलेलं होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली घुगऱ्यांचं पातेलं. मावशी पाळण्याजवळच्या खुर्चीत, नवं लुगडं नेसून. आम्ही पाया पडलो तसं तिने आधी पिशवी मागितली. पिशवीवर हात फिरवून ती माझी आहे हे तिने लगेच ओळखलं, आणि दोरी ओढण्याची युक्ती छान आहे म्हणाली. मग दुपटं बाहेर काढून मांडीवर पसरलं.

आणि तिची बोटं चालू लागली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मग खालच्या ओळीवर, मग तिच्या खालच्या. शाळेतला मुलगा बोट ठेवून धडा वाचतो तशी. मी वहिनीकडे बघितलं, वहिनीने पंख्याकडे. चौथ्या ओळीला मावशीची बोटं हळू झाली. सहाव्या ओळीला थांबली. चेहऱ्यावरचं हसू गेलं नव्हतं, पण ते तिथे विसरून राहिल्यासारखं दिसत होतं. तिने मला नाव न घेता हाक मारली, तिची जुनी हाक, "मास्तर, इकडं ये." मी जवळ गेलो. तिने मला हळूच विचारलं, कोणाला ऐकू जाणार नाही असं, की सगळं उसवलं का रे.

बसमध्ये जुळवलेली उत्तरं मी सोडून दिली. मी हो म्हटलं. बाळाचं बोट अडकलं असतं, म्हटलं. मधल्या ठिगळाला हात लावला नाही, हेही म्हटलं, जसं काही त्याने माझी शिक्षा कमी होणार होती.

माझ्या बोलण्याची खात्री करून घ्यावी तशी तिची बोटं मधोमध गेली. ठिगळावर पोचली. तिथे ती अडली, मागे आली, परत गेली. मावशीने दुपटं उचलून डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, जणू दिसणारच आहे. मीही वाकलो. ठिगळाच्या कडेने, तिच्या त्या बारीक टाक्यांच्या मधून, दोन पांढरे मोड वर आले होते. एकाच्या टोकाला पोपटी रंग. तिसरा कापडाखाली फुगून वाट शोधत होता. ओलसर वास येत होता, घुगऱ्यांच्या वासात मिसळून.

वहिनीने डोक्याला हात लावला. माझी बायको, जी त्या फ्रिजची मालकीण, तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. मला वाटलं, संपलं. म्हातारीचं शेवटचं दुपटं मी आधी उसवलं आणि वर त्याची मटकी केली.

मावशीने एका मोडावर बोटाचं टोक ठेवलं. दाबलं नाही, नुसतं ठेवलं, लेकराच्या हिरडीवर पहिला दात लागतो का ते बघतात तसं. मग तिचा चेहरा असा काही उजळला की पाळण्याभोवतीच्या बायका गाणं थांबवून बघू लागल्या. दुपटं दोन्ही हातांनी त्यांच्याकडे उंच धरून, साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात मावशी बोलून गेली, "टाके या मास्तरचे असतीन, पन दाने माहे हायेत. पाहा, कसे उगवून राहिले!"