तितराची साद

पिशोरहून औरंगाबादला कंपनीत जायचो, तेव्हा सकाळच्या एसटीला कायम एकच कंडक्टर असायचा. गर्दीला "सरका" असं तो कधी म्हणायचा नाही. मेंढरं हाकावीत तसा "हुर्र, हुर्र" करत पुढं यायचा. तिकिटं फाडून झाली की मधोमध उभा राहून तितरासारखा ओरडायचा, "कतितर, कतितर!" याचं डोकं जरा सरकलंय, असं आम्ही धरून चाललो होतो.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. रस्त्यात पोलीस गाड्या तपासायचे. एका सकाळी तो असाच ओरडला आणि सीटखालच्या झाकलेल्या पाटीतून उत्तर आलं, "कतितर!"

"कुणाची हाय ही?"

सगळे खिडकीबाहेर बघू लागले. तितरं धरून शहरातल्या हॉटेलांना चोरून विकतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण पुढं नाक्यावर पोलीस होते.

"कुणाचीच नाय? लई बरं झालं."

त्यानं गाडी थांबवली, पाटी खाली उतरवून तिच्यावरचं फडकं सोडलं. तितरं भर्रकन तुरीत शिरली.

त्यानंतर तो ओरडला की अख्खी गाडी कान देऊन ऐकायची. काहीच उत्तर आलं नाही, की तो आपल्या सीटवर टेकायचा आणि आम्ही हुश्श करायचो.