सापाच्या पेटीवर विरजण

आमच्या घरी साप आला तो कुठल्या भोकातून सरपटत नव्हे, तर रीतसर गाडीच्या मागच्या सीटवर बसून, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून, माझ्या मुलीच्या मांडीवर. तिच्या शाळेतले बायॉलॉजीचे सर नोकरी सोडून दुसऱ्या राज्यात निघाले होते. वर्गातला साप कोण नेईल, असं त्यांनी विचारलं आणि आमच्या कन्येने घरी साधा एक टेक्स्टही न करता हात वर केला. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीतला जानेवारी, बाहेर बर्फाचे ढीग, गाडीत हीटर फुल, आणि मी ड्राइव्ह करताना अजिबात न घाबरल्याचा अभिनय करत होते. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत मी भूत झाले आहे, खाष्ट सासू झाले आहे, एकदा तर मिशा लावून सावकार झाले आहे. पण इतकी अवघड भूमिका कधी वाट्याला आली नव्हती.

"आई, मागे बघ ना. तोच तुला घाबरलाय, सीरियसली."

"साहजिक आहे. तुझे बाबाही घाबरतात."

घरी येऊन बघितलं, तर बिचारं नारिंगी रंगाचं, बिनविषारी, सुतळीसारखं वाळलेलं जनावर. सुट्टीत शाळेचं हीटिंग कमी केलेलं असायचं, त्या गारठ्यात त्याने खाणंच सोडलं होतं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासून सांगितलं, आधी नीट ऊब द्या, मग अन्न. सापाला स्वतःची ऊब नसते. अंग गार असलं की पोट चालत नाही. आता लवकर खाल्लं तर वाचेल, नाहीतर सांगता येत नाही. परतताना मुलगी एक शब्द बोलली नाही. एरवी ती गप्प बसावी म्हणून मी नवस बोलले असते. त्या दिवशी मात्र ती गप्प होती आणि मला गाडी चालवणं जड जात होतं.

मग सापासाठी घर शोधणं सुरू झालं. नवऱ्याने गराजमधून जुना माशांचा टँक ओढून आणला.

"बाबा, तो फिश नाहीये. त्याला उंच नको, लांब हवंय. आणि वरून नुसती जाळी असली की सगळी हीट बाहेर."

दुकानात गेलो तर तिथल्या तरुणाने आमच्यापुढे विजेवर तापणारा एक दगड ठेवला. मुलगी म्हणाली, "नो वे. ह्यावर पोट भाजतं." शेवटी एक लांबट, बुटकी, लाकडी, पुढून काचेची दारं सरकणारी पेटी मिळाली, आणि मी तिच्या प्रेमातच पडले. रंगमंच होता हो तो! दोन टोकांना लपायला दोन विंगा, एक उबेची, एक गार. मधे एक वाळकी फांदी, म्हणजे नेपथ्य. गार बाजूला पाण्याचं पसरट भांडं. ऊब यायची ती एका टोकाला तळाशी बसवलेल्या, विजेवर तापणाऱ्या पातळ चटईतून. पण चटई थेट प्लगमध्ये लावायची नाही, असं मुलीने आम्हाला बजावलं. मधे थर्मोस्टॅट हवा. त्याच्या वायरीचं टोक चटईच्या वर, सापाच्या पोटाखाली, ठेवायचं. तिथे पुरेसं तापलं की मशीन चटई बंद करतं, निवलं की चालू. त्याशिवाय नवऱ्याने लांबून तापमान मोजणारी एक बंदूक आणली आणि पेटीबरोबर चहा, कुकर, बटाटे आणि माझं कपाळ मोजत फिरू लागला.

सासूबाई तेव्हा सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या. त्या पेटीपासून चार हात लांब उभ्या राहिल्या.

"तिन्हीसांजेला नाव घेऊ नका गं त्याचं. लांबडं म्हणा."

दुसऱ्या दिवसापासून मात्र सकाळी पहिला प्रश्न त्यांचाच. "जेवलं का लांबडं?"

जेवत नव्हतं. दुकानातून गोठवलेलाच आणून ओल्या नारळाच्या डब्याशेजारी फ्रीझरमध्ये ठेवलेला उंदीर मुलीने कोमट पाण्यात वितळवून दोनदा पुढे केला, दोन्हीदा त्याने तोंड फिरवलं. मुलगी मग शाळेतून आली की दप्तर न काढताच पेटीसमोर बसायची. आजी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या आणि एकेका वायरीची चौकशी करायच्या. नातही मोडक्या मराठीत मन लावून सांगायची.

एका दुपारी मी वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये होते. खालून किंकाळी आली. "आजी!"

धावत गेले. पेटीच्या डोक्यावर स्टीलचं पातेलं, त्याभोवती सासूबाईंची शाल गुंडाळलेली, आणि थर्मोस्टॅटच्या वायरीचं टोक पेटीतून बाहेर येऊन शालीच्या आत गेलेलं. त्यांनी विरजण लावलं होतं. मिनेसोटात आल्यापासून त्यांचं दही एकदाही मनासारखं लागलं नव्हतं.

"तूच नाही का सांगितलंस," त्या नातीला म्हणत होत्या, "त्या टोकाला गार लागलं की मशीन ऊब देतं म्हणून? मग मी टोक दह्याला लावलं. लांबड्याला सकाळपासून मिळतच होती की ऊब."

तर्कात खोट काढायला जागा नव्हती! फक्त मशीन दह्याचा गारठा मोजत होतं आणि तापवत होतं सापाची चटई. वरचं लाकूड गार, दूध गार, म्हणून चटई बंद व्हायचं नावच घेत नव्हती. मुलीने प्लग उपटला. नवऱ्याने बंदूक रोखली आणि आकडा मोठ्याने वाचलाच नाही. साप उबेच्या बाजूला नव्हता. पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसला होता, नुसतं डोकं बाहेर. पेटी लांब होती म्हणून त्याला पळायला जागा मिळाली.

मुलीने त्याला उचलून पोट निरखलं. भाजलं नव्हतं. मग ती रडत ओरडली, "तो मेला असता, आजी! आपल्या घराला आग लागली असती!"

सासूबाईंनी पातेलं उचललं, खोलीत गेल्या. रात्री जेवायलाही आल्या नाहीत. मला दोघींपैकी कुणाकडे जावं ते कळेना.

सकाळी उठून बघते, तर मुलीने वायरीचं टोक क्लिपने घट्ट बसवलं होतं, साप एका डब्यात ठेवला होता आणि आजीचा हात धरून त्यांना पेटीपाशी आणलं होतं.

"आजी, बघ ना. जास्त गरम आहे का?"

सासूबाईंनी पदर खोचला आणि पेटीच्या तळाला कोपर लावलं, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं. "मला तर बरं वाटतंय. पण तुझ्या बाबाची ती बंदूक लाव हो. माझ्या कोपरावर विसंबू नकोस."

"सॉरी, आजी. मी ओरडले."

"ओरडायचंच होतं. तुझं लेकरू आहे ते."

दही ओव्हनमध्ये, आतल्या दिव्याच्या उबेला गेलं.

रविवारी दुपारी मुलीने पुन्हा उंदीर पुढे केला. सासूबाई चातुर्मासात कांदाही न खाणाऱ्या, मी दार लावून बसणार असं जाहीर करून गेलेल्या, पण पदर तोंडाला लावून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. विंगेतून नारिंगी डोकं आलं. जीभ लवलवली. थांबली. मग एक झडप, आणि तो गिळू लागला, सावकाश, जबडे सैल करत. मुलीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायलाही ती हलत नव्हती.

उंदराच्या शेपटीचं टोक आत गेलं तशा सासूबाई पुढे झाल्या. "अगं, एकच? वाढ ना अजून एक."

"आजी, नो! जास्त झालं तर ओकेल तो."

"पहिल्यांदा जेवलंय आपल्या घरी, आणि एकावर उठवतेस?"

तेवढ्यात नवरा बंदूक घेऊन आला. "खाल्लं? खरंच खाल्लं?" असं मोठ्याने विचारत. सासूबाईंनी त्याला दारातच अडवलं.

"हळू! जेवून पडलंय ते जरा."

त्या खुर्ची ओढून पेटीपाशी राखणीला बसल्या, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. अगदी मीसुद्धा.