लवकर पोचलेली बातमी

सालकिनला अभ्यासाचा उत्साह येत नव्हता असं नाही. यायचा, पण पाहुण्यासारखा. चहा प्यायचा, गोड गोड बोलायचा आणि मुक्कामाला थांब म्हटलं की टोपी घालून चालू लागायचा.

काराकोलच्या डेअरीत ती दूध तपासायची. गावोगावचे कॅन उतरले की नमुना घ्यायचा, वास घ्यायचा, नळी उजेडात धरायची. दुधात पाणी घालणाऱ्या बायका तिला लांबून पाहिलं की आधीच हसायला लागत. आता डेअरीत चीजचा नवा विभाग निघणार होता आणि त्याला अन्नसुरक्षेची परीक्षा पास झालेला प्रमुख हवा होता. डायरेक्टरांनी सांगून टाकलं होतं, "सालकिन, या उन्हाळ्यात पास झालीस तर खुर्ची तुझी. नाहीतर राजधानीतून, बिश्केकहून कुणीतरी टायवाला येईल आणि दूध कशाला म्हणतात ते तुला शिकवेल." हे टायवाल्याचं तिला फार झोंबलं होतं.

तरी पुस्तक पुढे सरकेल तर शपथ. पहिल्यांदा तिनं रंगीत पेनं आणली आणि सगळं पुस्तक गुलाबी करून ठेवलं. त्यात महत्त्वाचं काय तेच कळेनासं झालं. मग डेअरीतल्या मैत्रिणींना घेऊन अभ्यासमंडळ काढलं, त्याचं आठवड्याच्या आत चहामंडळ झालं. मग पहाटे उठायचा बेत केला. गजर तिच्याखेरीज सगळ्या घरानं ऐकला. नवरा एर्मेक मिनीबस चालवायचा. तो म्हणायचा, "तुझं इंजिन झकास सुरू होतं बघ. गाडीच तेवढी हलत नाही." आरंभशूर म्हणतात ते हेच, आणि सालकिनला स्वतःलाही ते ठाऊक होतं, म्हणून जास्तच राग यायचा.

त्यातून सातव्या प्रकरणात घोडं अडलं. दूध गायीपासून गिऱ्हाइकापर्यंत पोचताना वाटेत धोके ढीगभर. त्यातला कोणता धोका नेमक्या कोणत्या टप्प्यावर अडवायचा, हे ठरवण्याची एक आकृती होती. फांद्याच फांद्या. सालकिन दर वेळी चुकीच्या फांदीवर जाऊन बसायची. आणि मग त्या दुपारी, अंगणातल्या ओट्यावर पोछा मारताना, का कुणास ठाऊक, तिला ते लख्ख दिसलं. पुढच्या टप्प्यावर धोका मरणारच असेल तर इथे कशाला जीव काढायचा! बस, एवढंच होतं! तिनं पुस्तक उचललं, त्याचा मुका घेतला, ते वर फेकलं, झेललं आणि पोछ्याचा दांडा धरून अंगणभर नाचत सुटली.

आता शेजारची तोक्तोबूबू त्या वेळी भिंतीपलीकडे शिडीवर चढून जर्दाळू काढत होती. विधवा बाई, मूल ना बाळ, साठी ओलांडलेली, पण नजर घारीची. सालकिनची परीक्षा याच उन्हाळ्यात आहे एवढं तिला माहीत होतं. पुस्तकाचा मुका तिनं पाहिला, नाचही पाहिला. आणखी काय पाहिजे? आमच्याकडे चांगली बातमी जो पहिल्यांदा घेऊन येईल त्यानं "स्युयुंचू!" म्हणून ओरडायचं आणि ऐकणाऱ्यानं त्याला तिथल्या तिथे काहीतरी चांगलं द्यायचं. त्यामुळे खात्री करत बसायला कुणाला परवडत नाही. तुम्ही खात्री करेपर्यंत पलीकडची बाई कोकरू घेऊन घरी गेलेली असते.

तोक्तोबूबू शिडीवरून उतरली म्हणण्यापेक्षा खाली आली. एक रबरी बूट शिडीतच राहिला. झग्याच्या ओच्यात जर्दाळू तसेच, असं ते ध्यान बाजारात घुसलं. तिथे सालकिनची सासू उमसुनाई वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या विकायला बसायची.

"स्युयुंचू! उमसुनाई, स्युयुंचू! तुझी सून पास झाली!"

उमसुनाई उठली. खांद्यावरची लांब झालरीची पांढरी शाल तिनं काढली आणि अख्ख्या बाजारादेखत तोक्तोबूबूच्या खांद्यावर घातली. बाजारातल्या बायकांनी असा गलका केला की पलीकडच्या खाटकाला काय झालं ते विचारावंच लागलं नाही. त्यानं आपणहून मेंढा बाजूला काढला.

सालकिन आंघोळ करून, केस पुसत बाहेर आली तेव्हा अंगणात अर्धी गल्ली बसलेली. कढई चुलीवर, बाया पिठाचे फुगीर बोरसोक तळताहेत, एर्मेक कुणाचे तरी मुके सहन करतोय.

"आपा," ती सासूजवळ जाऊन कुजबुजली, "अहो, परीक्षा अजून..."

"आधी चहा ओत. माणसं खोळंबलीत."

तिनं चहा ओतला. दुसऱ्यांदा तोंड उघडलं तर गल्लीतल्या जुमाबाय आजोबांनी हात पसरले. म्हाताऱ्यानं दुआ सुरू केली की मध्ये बोलायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. शिकलेल्या सुनेच्या हाताला यश येवो, खुर्ची लाभो, दूध नासू नये, असं सगळं मागून झालं आणि साऱ्यांनी "ओमीन" म्हणत तळवे तोंडावरून फिरवले. झालं. मग मटणाची वाटणी झाली. एरवी सुनेनं वाढायचं आणि उरलंसुरलं खायचं, पण उमसुनाईनं मानाचं हाड उचलून सालकिनच्या ताटात ठेवलं. डायरेक्टरही आले होते. परीक्षेची तारीख सालकिनखेरीज त्या एकट्या माणसाला ठाऊक होती. त्यांनी सालकिनकडे पाहिलं, हाडाकडे पाहिलं, आणखी एक तुकडा घेतला आणि चावता चावता म्हणाले, "मटण उत्तम आहे. आता पास व्हावंच लागेल." सालकिनला एक घास उतरेना. बाजारात तुरी म्हणतात, इथे तर तुरीचं वरण वाढून झालं होतं!

पाहुणे गेल्यावर तिनं स्वयंपाकघरात सासू आणि तोक्तोबूबू दोघींना धरलं आणि खरं काय ते सांगितलं. तोक्तोबूबूनं दोन्ही हातांनी शाल छातीशी आवळली.

"मग नाचत कशाला होतीस, मेले?"

"प्रकरण समजलं म्हणून!"

"प्रकरण समजलं म्हणून कुणी नाचतं? मी एवढी पडले शिडीवरून!"

उमसुनाई शांतपणे भांडी विसळत होती. "परीक्षा कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात. बिश्केकला."

"मग झालं तर. मेंढा कापून झाला, दुआ झाली, हाडही तुझ्या ताटात पडलं. आता परीक्षा तेवढी राहिली."

"आणि नापास झाले तर?"

"दुआ परत घेता येत नाही," उमसुनाई म्हणाली, "आणि मेंढा तर नाहीच नाही."

त्या दिवसापासून तोक्तोबूबू पहाऱ्यावर बसली. सालकिन डेअरीतून आली की ही शाल पांघरून दारात हजर. भर उन्हाळ्यात, घामाच्या धारा लागलेल्या, पण शाल काढेल तर शपथ. "चल, बस. कालचं सांग बघू. कळलं नाही तरी मी ऐकते." ओट्यावर बसून ती जर्दाळू वाळत घालायची आणि सालकिन तिला जंतू समजावून सांगायची. शिकवता शिकवता सालकिनच्या डोक्यात आपोआप बसायला लागलं. अडाणी प्रश्नासारखा गुरू नाही.

"म्हणजे दूध गार ठेवलं नाही की ते वाढतात?"

"हो, एजे." थोरल्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात.

"आणि उमसुनाईची ती चामड्याची पिशवी? तिच्यातली घोडीच्या दुधाची आंबवलेली कुमिस?"

"या पुस्तकाप्रमाणे त्या पिशवीला तुरुंगात टाकलं पाहिजे."

आतून उमसुनाईचा आवाज आला, "त्याच पिशवीवर तुझा नवरा वाढलाय! पुस्तकाला सांग, येऊन बघून जा म्हणावं!"

मधूनच कुणीतरी अभिनंदनाला टपकायचं. मग पुस्तक उशीखाली, चेहऱ्यावर पास झालेल्या बाईचं हसू. पाहुणा विचारायचा, "परीक्षा अवघड होती का गं?" सालकिन अगदी मनापासून म्हणायची, "भयंकर! अजून अंगावर येते." एव्हाना खरं कळलेला एर्मेक हसू दाबायला बाहेर मिनीबस पुसायला जायचा. इतकी चकचकीत मिनीबस काराकोलनं कधी पाहिली नव्हती.

असं सगळं मजेत चाललं असताना सालकिनचा धीर सुटला. डेअरीत दुधाचा महापूर आला होता, दोघी रजेवर, हिला दोघींचं काम. घरी येऊन पुस्तक उघडलं की अक्षरं पोहायला लागत. एका संध्याकाळी तिनं पुस्तक मिटलं आणि भिंतीपलीकडे गेली.

"एजे, मला नाही जमायचं. मी उद्या सगळ्यांना सांगून टाकते. हसतील, चार दिवस हसतील, मग विसरतील."

तोक्तोबूबूनं शाल काढली, घडी केली, मांडीवर ठेवली.

"सांग," ती म्हणाली. "पण एक ऐकून जा. या गल्लीत किती पोरं जन्मली, किती लग्नं ठरली, किती जण फौजेतून परत आले. दर वेळी मी धावले. दर वेळी दारात पोचले तर कुणीतरी आधीच बक्षीस घेऊन बसलेलं. माझ्या घरात तर सांगण्यासारखं कधी काही घडलंच नाही, मग निदान दुसऱ्याचं तरी सांगावं! आयुष्यात पहिल्यांदा, सालकिन, पहिल्यांदा मी पहिली पोचले. आणि बातमीच खोटी निघाली."

सालकिनला रडू फुटलं. ते लपवायला ती जर्दाळू खात सुटली. खाऊन झाल्यावर तिनं शाल उचलून म्हातारीच्या खांद्यावर घातली.

"आठव्या प्रकरणापासून विचारा," ती म्हणाली.

बिश्केकला एर्मेकनंच सोडलं. उमसुनाईनं गल्लीत सांगितलं, "सून सर्टिफिकेट आणायला गेलीय." तसं ते खोटंही नव्हतं. परीक्षा संगणकावर होती. पहिलाच प्रश्न सातव्या प्रकरणातला आला आणि सालकिनचे पाय टेबलाखाली नाचायला लागले. पर्यवेक्षकानं दोनदा वळून पाहिलं. निकाल तिथेच पडद्यावर उमटला. पास! चांगली दणदणीत पास! ती धावत बाहेर आली, एर्मेकच्या गळ्यात पडली आणि एकदम थबकली.

"अरे, आता सांगायचं कुणाला? सगळ्यांना तर माहीतच आहे."

परतीच्या वाटेवर सरोवर उजव्या हाताला निळंशार पसरलं होतं, एर्मेक गाणी म्हणत होता आणि ती कुणाला सांगायचं याचाच विचार करत होती. काराकोलची घरं दिसायला लागली आणि तिला सुचलं. मिनीबस गल्लीच्या तोंडाशी पुरती थांबायच्या आत तिनं उडी टाकली. डेअरीत दिवसभर उभं राहणाऱ्या त्या दणकट पायांनी ती स्वतःचं घर ओलांडून धावली. एक चप्पल वाटेतच राहिली. तिनं शेजारचं फाटक धाडकन उघडलं.

"स्युयुंचू! तोक्तोबूबू एजे, स्युयुंचू! स्युयुंचू!"

तोक्तोबूबू ओट्यावर उभी राहिली. हातातली परात कलंडली, वाळलेले जर्दाळू अंगणभर झाले. त्या दारात असं ओरडत आजवर कोणी आलं नव्हतं. द्यायचं काय, कसं द्यायचं, तिला काही सुचेना. मग तिनं ती पांढरी शाल काढली आणि सालकिनच्या खांद्यावर घातली. झालरीची गाठ तिला नीट बांधता येईना, म्हणून दोघींनी मिळून बांधली.

"अहो, पण ही तुमची, एजे..."

"गप. दिलेली परत करायची नसते." म्हातारी हसत होती, रडत होती. भिंतीपलीकडून उमसुनाईचं डोकं वर आलं होतं, त्याच्याकडे तिनं ताठ मानेनं पाहिलं.

"ऐकलंस ना उमसुनाई? मी खोटं बोलले नव्हते. जरा लवकर पोचले होते, एवढंच."