वरून भुरभुरलेली कोथिंबीर

आयसीयूच्या दारात चपला काढून आत गेलो तेव्हा सुमन जागी होती. तोंडावरचा मास्क जरा सरकवून तिनं विचारलं, "हात धुतलेत?" धुतले, म्हटलं. "कोपरापर्यंत?" मी मान हलवली. एवढंच आमचं शेवटचं बोलणं... दुपारी हॉस्पिटलातून फोन आला, लगेच या म्हणाले. काय ते समजलो.

महिना होऊन गेला त्याला. मला लिहायची सवय नाही. शाळा चौथीपर्यंत, पुढचं आयुष्य परळच्या गॅरेजात गाड्यांखाली उताणं पडून गेलं. पण सुमनच्या मागे लोक जे बोलतायत ते ऐकून गप्प बसवत नाही. ती घाणीनं गेली म्हणे.

लग्न करून लालबागच्या खोलीत आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कामावरून आलो आणि माठाकडे हात नेला, तर म्हणाली, "आधी मोरीत जा." नवी नवरी, अजून माझ्याकडे धड बघत नव्हती, पण ग्रीसचे हात बरोबर बघितले. राकेलनं पुसा, मग साबण लावा, मग परत साबण. पालेभाजी आली की गॅलरीत बसायची. मुळं छाटायची, पान न् पान बघायची, तीनदा पाणी बदलायची, शेवटच्या पाण्यात मीठ. मग माझ्या जुन्या लुंगीच्या फडक्यावर पसरून ठेवायची. मी म्हणायचो, "अगं भाजी आहे ती, नवरदेव नाही. किती आंघोळ घालशील?" ती म्हणायची, "नवरदेवाला एवढी घातली असती तर मोरी तुंबली असती."

पुढे तिचे सांधे धरले. त्यावर जी औषधं सुरू झाली त्यांनी दुखणं थांबायचं, पण अंगातली रोगाशी लढायची ताकदही कमी व्हायची. डॉक्टरांनी बजावलं, कच्चं काही खायचं नाही. तिनं शब्द पाळला. काकडी बंद, कांदा बंद, कोशिंबीर बंद. चैत्राच्या हळदीकुंकवाला भिजवलेले हरभरे मिळाले तर घरी आणून त्यांची उसळ करायची. पण आमटी उतरवली की वरून कोथिंबीर भुरभुरायचीच. ते कच्चं आहे हे तिच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. आमच्यात कोथिंबीर कोणी खाण्यात धरतच नाही. ती नुसती वरून टाकतात.

ताप आला, जुलाब झाले, आणि बघता बघता जंतू रक्तात गेले. माणसांच्या नाहीतर गुरांच्या पोटात असतात त्यातले जंतू, असं हॉस्पिटलातली डॉक्टरीण म्हणाली. पोरगी लहान, पण नीट बोलली. "आजोबा, आजींनी कच्चं काय खाल्लं होतं?" काही नाही म्हटलं. "चटणी? सॅलड? वरून कोथिंबीर?" मग म्हटलं, "धुतलेली होती हो, तीन पाण्यांनी." ती म्हणाली, "धुण्यात चूक नाही त्यांची. शेतात गटाराचं पाणी गेलं, कच्चं शेणखत पडलं, की जंतू कधी मुळातून, कधी पानाच्या बारीक छिद्रांतून आत शिरतात. झाडाला काही होत नाही, ते हिरवंगारच दिसतं. वरचे जंतू बरेचसे धुऊन जातात. आत गेलेले नळाखाली कसे निघणार? शिजवलं तरच मरतात." कोथिंबिरीनंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, हेही म्हणाली. पण संशय तिचाच.

तेराव्याला माझ्या थोरल्या भावाची बायको, वहिनी, गिरगावातून आल्या. गॅलरीत बायकांना सांगत होत्या, "आजारी माणसाच्यान होत नाही गो. धुतलं असेल कसंतरी, न् गिळलं असेल." मी आतून ऐकलं आणि बाहेर येऊन डॉक्टरीण काय म्हणाली ते सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "पानाच्या आत कसे जातील जंतू, भाऊजी? डॉक्टर काय, काहीपण सांगतात." आणि उठून आत गेल्या. जुडी नळाखाली एकदा धरली, झटकली, चिरली, अन् वाढायला काढलेल्या आमटीवर मूठभर टाकली. पंगत जेवली. कोणाला काही झालं नाही. धडधाकट माणसं, पचवली त्यांनी. जाताना वहिनी म्हणाल्या, "बघा, आम्हीपण हीच खातो."

हे पेपरच्या ज्या पुरवणीसाठी लिहितोय ती वहिनी घेतात, वाचतील. वाचून मला फोन करू नका, वहिनी.

परवा भाजी आणायला खाली उतरलो. आमच्या नाक्यावरच्या भाजीवालीनं विचारलं, काकी दिसत नाहीत बरेच दिवस. सांगितलं. तिनं हातातला तराजू खाली ठेवला. "असं गिऱ्हाईक नाही बघितलं, काका. जुडी उलटीपालटी करून वास घ्यायची. एक पान किडकं दिसलं की जुडी माझ्या अंगावर. मी म्हणायचे, काकी, सोनं घेताय काय?" बोलता बोलता तिनं सवयीनं मिरच्या आणि कोथिंबिरीची जुडी माझ्या पिशवीत टाकली.

सुमनच्या आमटीवर पडली ती जुडीही हिच्याकडचीच होती. तिला काय ठाऊक? मलाही कुठं होतं... कोथिंबिरीचं तिला सांगितलं नाही, पैसे दिले. सुमन गेल्यापासून तिच्या स्वच्छतेबद्दल बरं बोलणारी ही पहिलीच बाई. थोडा वेळ तिथंच उभा राहिलो, ती आणखी काही बोलते का बघत.