आठ भजनांची कॅसेट

एकोणीसशे एक्क्याण्णव साल. एप्रिल महिना. ईस्टर होऊन पंधरा दिवस झाले होते, वाल झोडून घरात आले होते. त्या दिवसांत मी जो गाढवपणा केला तो एकदाच सांगतो. चहा पिता पिता ऐका, पुन्हा विचारू नका. सांगून सांगून मी थकलोय.

पेणला आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे बारा घरं. प्रार्थनेला भजन मी सांगतो. शाळा माझी चौथीपर्यंत, पण भजनं सगळी पाठ. त्यातली आठ भजनं मी स्वतः बांधलेली. मी मेलो की ती माझ्याबरोबर जाणार, म्हणून त्यांची कॅसेट काढायची ठरवली. पाळकसाहेब म्हणाले, मंडळीतून वर्गणी काढू. मी म्हणालो, नको. माझी भजनं, माझा खर्च.

खर्च आठ हजार. माझ्याजवळ दोन. उरलेले सहा रोह्याच्या शांतवनकडून घेतले. शांतवन म्हणजे माझ्या बायकोचा, मार्थाचा भाऊ. घराची कौलं बदलायला त्याने ते पैसे बाजूला ठेवले होते.

तो म्हणाला, "भावजी, पैशे न्या. पन मिरगाच्या आत परत पायजेत. नायतर पोरं पावसात भिजतील."

"मिरगाच्या आत देतो," मी म्हणालो. माझा शब्द म्हणजे शब्द.

आता पहिली चूक बघा. कव्हर आधी छापलं. छापखानेवाला म्हणाला, लग्नसराई सुरू झाली की पत्रिकांपुढे तुमचं काम होणार नाही, आत्ता द्या. दिलं. पाचशे कव्हरं. पुढे माझा फोटो, मागे आठ भजनांची नावं. फोटोत मी हसलो नव्हतो. हसायचं कारण नव्हतं.

मग पेटी, तबला, झांजा आणि आम्ही पाच माणसं पनवेलला गेलो. तिथला स्टुडिओ म्हणजे एका माडीवरची खोली, भिंतींना गोणपाट ठोकलेलं. मध्ये काच. काचेपलीकडे यंत्र आणि यंत्रावर बसलेला माणूस. वयाने तिशीचा, दाढीवाला. भाडं तासावर. मी तीन तास घेतले. आठ भजनांना तीन तास पुष्कळ, असा माझा हिशोब.

त्यातले दोन तास माइक लावण्यात आणि तबला सुरात आणण्यात गेले.

मग पहिलं भजन सुरू केलं. तुम्ही कधी आमच्यात बसला नसाल, म्हणून रीत सांगतो. भजन चालू असताना ऐकणाऱ्यातल्या कोणी हात वर केला की त्याला ती ओळ लागली असं समजायचं. ती ओळ पुन्हा घ्यायची, थोडी चढवून. हात खाली येईपर्यंत पुढे जायचं नाही. ऐकणाऱ्याचा मान असतो तो.

पाच मिनिटं झाली असतील. काचेपलीकडच्या माणसाने हात वर केला.

मला बरं वाटलं. परका माणूस, आपल्या धर्माचा नाही, पण ओळ लागली. ओळ पुन्हा घेतली. त्याने दोन्ही हात वर केले. आम्ही लय वाढवली. तो उभा राहिला, हात डोक्यावर हलवायला लागला. आमचा झांजवाला रडायला आला. इतकी वर्षं भजन सांगतोय, पण असा ऐकणारा मला मिळाला नव्हता.

शेवटी तो दार उघडून आत आला. घामाघूम.

"काका, किती गाणी झाली?"

"एक."

"एकतीस मिनिटं झाली. कॅसेटची एक बाजू संपली."

"हात कोनी वर केला?"

"मी केला. थांबा म्हणून केला."

"आमच्यात हात वर केला का तीच ओळ परत घेतात."

त्याने कपाळाला हात लावला. मग हात जोडले. "काका, आता माझ्याकडे बघूच नका. डोळे मिटून गा, पण आटपतं घ्या."

डोळे मिटून गायलो. भजनाला डोळे मिटले की वेळ कळत नाही. उघडले तेव्हा दुसरी बाजूही भरली होती आणि तीन तास संपले होते.

तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "पुन्हा तीन तास घ्या, आठही करू. नाहीतर हीच दोन मधे मधे कापून लहान करतो. निदान ऐकण्यासारखी होतील."

पुन्हा तीन तासांना पैसे नव्हते. आणि देवाचं भजन कापायचं? मी म्हणालो, "कापायचं नाय. हाय तसं काढा."

पाचशे कॅसेटा आल्या. कव्हरवर आठ भजनं, आत दोन.

पहिल्या रविवारी बारा घरांनी बारा घेतल्या. दुसऱ्या रविवारी शेजारची सुलोचना आली.

"मामा, दुसरं भजन कुटं हाय?"

"दुसऱ्या बाजूला."

"आनि बाकीची सा?"

"कागदावर."

"मंग कागदाचेच पैशे घ्यायचे ना वो."

परत कोणी घेतली नाही. मे महिना आला. रोह्याहून शांतवनचा निरोप आला की जुनी कौलं उतरवली आहेत, घर उघडं आहे. पैशांबद्दल एक शब्द नव्हता. तो शब्द असता तर बरं वाटलं असतं.

मी पिशवी भरून वडखळ नाक्यावर कॅसेटवाल्याकडे गेलो. त्याने एक लावली, दहा मिनिटं ऐकली, काढली.

"बाबा, ह्ये चालनार नाय. पन टेप चांगली हाय. मागची दोन भोकं चिकटपट्टीनं बुजवून द्या. मंग गिराईक त्याच्यावर पायजे ते भरून घेईल. कोरी म्हनून घेतो, चौदा रुपयानं."

मी पिशवी उचलली आणि घरी आलो. मार्थाला सांगितलं.

ती वाल सोलत होती. वर न बघता म्हणाली, "मंग?"

"माझा आवाज हाय गो त्याच्यात."

"तुमचा आवाज घरात रोजच हाय. माझ्या भावाच्या घरावर कौलं नायत."

चार दिवस आम्ही दोघं चिकटपट्टी लावत बसलो. तिच्या पट्ट्या सरळ, माझ्या वाकड्या. त्यावरूनही ऐकून घेतलं. मग सहा हजारांना पुरतील तेवढ्या, चारशे तीस कॅसेटा टेम्पोत घालून वडखळला नेल्या.

कॅसेटवाला मोजत होता तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. मुलीच्या हळदीची गाणी भरायची होती त्याला. त्याने माझी एक कॅसेट उचलली, फोटो बघितला. मी समोरच उभा, पण त्याने ओळखलं नाही.

"कोरी म्हंता, मंग ह्याच्यात आधीचं काय हाय का?"

कॅसेटवाल्याने माझ्याकडे बघितलं. बोलावं तर मलाच लागणार होतं.

"खास काय नाय," मी म्हणालो. "एक म्हातारा हाय. पुसला जातो."

त्याने दोन घेतल्या.

मिरगाला चार दिवस असताना रोह्याला गेलो. शांतवनचे सहा हजार दिले.