बिनठोक्याची जोडी

सुरेखा आणि अंगद या नवराबायकोनं एकमेकांशी एक शब्दही बोलायचा नाही असं ठरवलं, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. आणि ही तीन वर्षं दोघं रोज पाळीभर एकाच पत्र्याच्या दोन बाजूंना उभी होती. वैर करायचं तर माणसानं निदान निराळ्या पाळीतला वैरी धरावा. पण सुरेखाचं नशीबच तसलं. तिच्या वाट्याला वैरी आला तोही जोडीला.

तो पत्रा विमानाच्या दाराचा. नगरच्या एमआयडीसीत एका लांबट शेडमध्ये विमानाची दारं आणि दारालगतचे अंगाचे तुकडे तयार होत. बाहेरून बघणाऱ्याला तिथं नांगर नाहीतर पेरणीयंत्रं बनत असतील असंच वाटायचं. तयार झालेला माल लाकडी पेट्यांत बंद होऊन परदेशी जाई, आणि तिथं कुठंतरी त्याचं विमान होई. शेडमधल्या कुणीही ते विमान बघितलेलं नव्हतं.

विमान साच्यातून निघतं, असं सुरेखालाही आधी वाटायचं. शिकवणीच्या पहिल्याच आठवड्यात तो समज गेला. विमान शिवतात. आधी मोठाली गोल कडी ओळीनं उभी करतात, त्यांना लांब पट्ट्या जोडतात आणि त्या सांगाड्यावर पातळ पत्रा चढवून तो हजारो रिव्हेटांनी, म्हणजे डोकं असलेल्या छोट्या खिळ्यांनी, टाचतात. पंखाचंही तसंच, फक्त आत बरगड्या असतात आणि बरगड्यांमधल्या पोकळीत इंधन भरतात. खिडकी म्हणजे या शिवणीत मुद्दाम पाडलेलं भोक. म्हणून तिला जाड चौकट लागते आणि कोपरे गोल ठेवावे लागतात, नाहीतर कोपऱ्यापासून पत्रा फाटत जातो. आणि दार म्हणजे तर सगळ्यात मोठं भोक, तेही उघडझाप करणारं. वर आभाळात आतली हवा त्याला बाहेर रेटत असते आणि ते कडेच्या अडण्यांवर दाबून बसतं. सुरेखाचे हात बारीक आणि लांब, दाराच्या आतल्या आडव्या पट्ट्यांमधून कोपरापर्यंत सहज जायचे. म्हणून तिला दारं मिळाली.

त्याआधी तिच्या हातांनी काय केलं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ती शेवगावच्या पलीकडच्या कोरडवाहू गावातली. दहावी झाली, त्याच उन्हाळ्यात अंगदशी लग्न झालं आणि दिवाळी सरताच दोघं कोयत्याला गेली. ऊसतोडीत एकट्या माणसाला कुणी विचारत नाही. नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरतात, मग ते दोघं माणसं असोत की नसोत. देवळाली प्रवरेच्या अंगाला त्यांनी कितीतरी हंगाम काढले. तो ऊस तोडायचा, ती मोळी बांधायची. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवायची आणि त्यानं मोळी उचलायची, हे एकाच दमात व्हायचं. ना हाक, ना खूण. टोळीतली झुंबरबाई म्हणायची, "तुमी दोघं बोलता कवा गं? का मुकीच हायसा?"

पुढं कंपनीनं दहावी झालेल्या बायकांसाठी पत्र्याच्या कामाचा वर्ग काढला. सुरेखा हट्टानं त्यात शिरली, शिकली, पास झाली आणि तिला स्वतःचा शिक्का मिळाला. बोटाएवढा, पोलादी, त्यावर तिचा नंबर. काम पुरं झालं की दाराच्या आतल्या कोपऱ्यात तो शाईनं उठवायचा, म्हणजे या दाराला ही बाई जबाबदार. मागनं तिनंच साहेबांच्या मागं लागून अंगदला कामाला लावला. त्याला रिव्हेट ठोकायची गन दिली आणि हिच्या जोडीला उभा केला. शिक्का मात्र तिचाच. ही गोष्ट अंगदच्या घशात मासळीच्या काट्यासारखी अडकली, ती कायमची.

काम असं. बाहेरून अंगदनं छिद्रात रिव्हेट घालून रिव्हेटच्या डोक्यावर गन टेकवायची. आतून सुरेखानं रिव्हेटच्या शेपटाला लोखंडी ठोकळा भिडवायचा. गन धडधडली की शेपूट ठोकळ्यावर चेपून बटणासारखं बसतं. मध्ये पत्रा, त्यामुळे एकाला दुसरा दिसत नाही. कानात बोळे, शेडमध्ये गदारोळ, हाक ऐकू येत नाही. म्हणून पत्र्यातून हाताला कळणारी ठोक्यांची भाषा. आतल्या माणसानं ठोकळ्यानं पट्टीवर एक ठोका दिला की 'लावलाय, मार'. दोन दिले की 'अजून थोडं'. तीन म्हणजे 'थांब, बिघडलं'. ठोका आल्याशिवाय गन चालवायची नाही, हा तिथला नियम. ठोकळा नसताना गन चालली तर पत्र्याला पोचा पडतो, आणि पोचा पडलेला पत्रा मग दाराला चालत नाही.

तीन वर्षांमागं अंगदनं मुलीचं, ज्ञानेश्वरीचं, लग्न परस्पर जमवलं. मुलगी नुकती अकरावीत गेलेली. सोनईकडची माणसं सुपारी फोडायला अंगणात येऊन बसली, तेव्हा कुठं सुरेखाला कळलं. ती घरातून बाहेर आली, पाटावरची सुपारी उचलून पदरात टाकली आणि साऱ्या भावकीदेखत म्हणाली, "माजी पोर शिकनार हाय. पाव्हन्यांनी चहा घ्यावा आन जावं." त्या रात्री अंगदनं हात उचलला. दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन नागापूरला भाड्याच्या खोलीत गेली. त्याला भावकीतला अपमान गिळता आला नाही, तिला तो हात विसरता आला नाही. दोघांनीही एकमेकांशी बोलणं टाकलं.

त्यानंतरच्या सोमवारी कामावर दोघं पत्र्याच्या दोन बाजूंना उभी राहिली. सुरेखानं ठोकळा लावला आणि ठोका द्यायला हात मागं घेतला. तिला वाटलं, हेही बोलणंच की! या माणसाशी ठोक्यानंसुद्धा का बोलू? तिनं ठोका दिला नाही. पलीकडं अंगद क्षणभर थांबला. मग त्यानं गन चालवली, आणि रिव्हेट असा बसला की मापाची पट्टी लावून बघावा. दुसरा तसाच, तिसरा तसाच. त्या दिवसापासून ठोके बंद झाले. गनचा दाब पत्र्यावर आला की तिला तो तळहातात कळायचा, तिचा ठोकळा भिडला की त्याला गनच्या मुठीत. दुसरी कुठलीही जोडी असती तर पहिल्या दिवशीच पत्रा फोडून बसली असती. ही बसली नाही. उलट सगळ्यात जास्त दारं यांचीच निघायची, आणि तपासणीचे भागवतसाहेब नव्या पोरींना यांची जोडी दाखवायचे. साहेबांना कौतुक होतं, ठोके ऐकू येत नाहीत हे ध्यानात येत नव्हतं. त्या गदारोळात कुणाच्या ध्यानात येणार?

मग एक दिवस व्हायचं ते झालं. रिव्हेटला लावायचा चिकट लेप ठोकळ्यावर चढला होता, ठोकळा निसटायला लागला. सुरेखानं तो मागं घेऊन फडक्याला पुसला. एवढ्या क्षणात पलीकडून गन चालली. आवाज निराळा आला, पोकळ. तिनं डोळे मिटले. पत्र्यावर नखाएवढा अर्धचंद्राचा पोचा पडला होता.

भागवतसाहेबांनी दोघांना केबिनमध्ये समोरासमोर बसवलं. अंगदनं कपाळाला आठी न पाडता सांगून टाकलं, "तिनं ठोका दिला सायेब, म्हनून मी मारलं."

साहेब सुरेखाकडं वळले. "तुम्ही ठोका दिला होता?"

आता खरी गंमत इथं होती. सुरेखानं नुसतं 'न्हाई, मी तीन दिले हुते' म्हटलं असतं, तर अंगद संध्याकाळच्या आत गेटबाहेर असता. शिक्का तिचा, शब्द तिचा, साहेबांचा विश्वासही तिच्यावर. तीन वर्षं तिनं हीच घटका मागितली होती. आणि तिचा शिक्का गेला तर काय, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. शिक्का नसलेल्या माणसाला दिवाळीला कामावरून कमी करतात. मग उरतो तो कोयता. आणि कोयत्याला एकटी बाई चालत नाही, म्हणजे उरतो तो अंगद.

पण खोटं बोलायचं तर आधीची दारं गप्प ठेवावी लागणार होती. तीन वर्षांची, तिच्या शिक्क्याची, न ठोकता शिवलेली दारं. ती आता कुठं आभाळात होती, कोण त्यांना टेकून झोपलं होतं, कुणास ठाऊक. तिला एकदम सगळ्याचा संताप आला, त्या माणसाचा, त्या दारांचा, स्वतःचाही.

"ठोके आमी देतच न्हाई सायेब," ती म्हणाली. "तीन वर्सं झाली. एक बी दिला न्हाई."

साहेबांनी ते लिहून घेतलं. अंगद मात्र उसळून उभा राहिला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं बघून बोलला, "तुला मला बुडवायचंच हुतं!"

"तुमाला बुडवायला लबाडी पुरली असती," सुरेखा म्हणाली. "खरं बोलले, म्हनून मी बी बुडले."

तिच्यादेखत तिचा शिक्का वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी चापात, धरून कापला. नियमच होता तो, शिक्का परत कुणाच्या हाती पडू नये म्हणून. कापणारा पोरगा ओळखीचा, त्यानं मान वर केली नाही. अंगद खोटं बोलला म्हणून त्याची गन काढून त्याला पेट्या ठोकायला बसवला. सुरेखाला टेबलावर छिद्रांच्या कडेची धार घासायला. आणि मग शोध सुरू झाला. त्या जोडीची दारं जिथं जिथं गेली होती, तिथं तिथं कळवून रिव्हेट न रिव्हेट तपासायला सांगितलं. शेडमधले लोक सुरेखाकडं असं बघायचे की जणू हिनंच विमान पाडलं. नव्या पोरींतली जी दिपाली कालपर्यंत 'मावशी, मावशी' करत मागं हिंडायची, तीही डबा घेऊन दुसऱ्या बाकावर बसायला लागली.

पावसाळा संपता संपता भागवतसाहेब टेबलापाशी आले. "सगळीकडून उत्तरं आली," ते म्हणाले. "तुमच्या जोडीचा एकही रिव्हेट वाईट निघाला नाही, सुरेखाबाई. मी असं काम बघितलेलं नाही." त्यांना वाटलं, बाई आनंदेल. बाईचा चेहरा काळाठिक्कर पडला. ज्या माणसाची सावली नको, त्याच्या संगतीनंच आपल्या हातून जन्मातलं चांगलं काम झालं, हे ऐकून कुणाला आनंद व्हावा? तिला त्या क्षणी अंगदचा जेवढा राग आला, तेवढा त्यानं हात उचलला तेव्हाही आला नव्हता.

पण त्या उत्तरांमुळं एवढं झालं, की तिला परत परीक्षेला बसू दिलं. नवा जोडीदार घ्यायचा, साहेबांसमोर एक तुकडा पुरा करायचा, नियमानं. पास झाली तर नवा शिक्का, नापास झाली तर दिवाळीपर्यंत परत परत बसता येई. गनवर दिपाली होती.

पहिल्या रिव्हेटला सुरेखानं ठोका दिला. दुसऱ्यालाही दिला. पोरगी भित्री, गन कधी लवकर टेकवायची, कधी उशिरा. तिची चाल समजून घ्यायला सुरेखानं तळहाताचं सारं ध्यान पत्र्याकडं दिलं, अगदी जुन्या सवयीनं, आणि हळूहळू काम चांगलं लागत गेलं. शेवटच्या ओळीत आतले रिव्हेट बटणासारखे बसत होते. तिला बरं वाटायला लागलं. आणि एकाएकी पलीकडून गन थांबली.

दिपाली पत्र्याला वळसा घालून तिच्या कानापाशी आली आणि रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, ठोका द्या ना! तुमी देतच न्हाई, मी कसं मारू?"

भागवतसाहेबांनी मान हलवली. बराच वेळ झाला होता म्हणे, ठोके थांबून. पोरगी अंदाजानं मारत होती. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही, नुसतं 'नापास' म्हणाले आणि गेले.

पेट्यांच्या ढिगापाशी अंगद हातोडी घेऊन उभा होता. त्याला बातमी आधीच लागली होती. ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून तो म्हणाला, "दिवाळीनंतर टोळी निघतीय. मुकादमाला जोडी लागती. मी तुझं नाव सांगितलंय."

सुरेखा थांबली. लग्न झाल्यापासून, मार खातानासुद्धा, तिनं नवऱ्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"ऐक," ती म्हणाली. "तुझ्याबरबर जसं जमलं, तसं मला दुसऱ्या कुनाबरबर जमनार न्हाई. ते कळलं मला आज. म्हनून मी आता दिपालीसंगं वाईट काम शिकीन, सावकाश, अडखळत, चार येळा नापास हुईन. पर तुझ्या कोयत्याला येनार न्हाई. जा, सांग मुकादमाला, 'बायको मेली माजी.'"