वर दोर कुणी धरलाय

सिनेमात कडा चढणाऱ्या हिरोवर माझा राग आहे, आणि तो आजचा नाही. अंगात बनियन, कमरेला काही नाही. दोन बोटं खाचेत अडकवून हा लटकतो आणि लटकल्या लटकल्या वरच्या गुंडाला सावकाश दोन वाक्यं ऐकवतो. दगड निसटतो तोही त्याच्या सोयीनं, दुसरा हात पक्का झाल्यावर. मग त्याच हातानं तो हिरॉईनला मनगटाला धरून वर घेतो. खांदा निखळत नाही. खाली उतरला की लगेच मोटारसायकलवर बसतो.

मी सातवीतून शाळा सोडली, त्यामुळे फारशा विषयांत तोंड घालत नाही. पण कड्याचं मला कळतं. माझं गाव सह्याद्रीत, कड्याच्या पायाशी. वडील मधाची पोळी काढायला दोरावरून उतरायचे आणि वर दोर मामा धरायचा. आमच्याकडे उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानंच धरायचा. सख्ख्या भावालाही धरू देत नाहीत. भावाच्या मनात वाटणी येऊ शकते; आपली बहीण विधवा व्हावी असं कुणाच्या मनात येणार? उतरणारा बोलत नाही. एक झटका म्हणजे सोड, दोन म्हणजे ओढ. वडील वर आले की त्यांची बोटं मिटलेलीच राहायची. मामा ती एकेक करून उघडायचा, तेव्हा कुठं त्यांना पाण्याचा तांब्या धरता यायचा.

इकडे शेलूबाजारला मी विहिरी खोदणाऱ्या टोळीबरोबर आलो. टायफॉईड झाला आणि टोळी मला टाकून पुढच्या गावाला गेली. ज्यांच्या शेतात काम चालू होतं त्या घरच्या बाईंनी मला ढेपीच्या, म्हणजे गुरांच्या पेंडीच्या, खोलीत जागा दिली, महिनाभर मऊ भात दिला आणि पुढच्या राखीला मनगटावर राखी बांधली. तेव्हापासून त्या माझ्या ताई आणि त्यांचे मालक माझे दाजी. दाजी मला साळेबुवा म्हणतात, म्हणजे बायकोचा भाऊ. मी त्यांच्याच शेतात राबतो. ह्या घराचं माझ्यावर काय आहे ते मला सांगता येत नाही. येतं ते एवढंच, की काही बिघडलं तर आपल्यामुळे बिघडेल ही धास्ती सतत असते. गाठ मारली की मी ती तीनदा पाहतो.

एकदा दुपारी टीव्हीवर असाच एक सिनेमा लागला होता. हिरो लटकला आणि मी बोलून गेलो, "खोटं आहे. एवढ्या वेळात हाताला गोळे येतात."

"तुले काय माईत बे?" दाजी म्हणाले. "तो जिममदी जाते."

"जिममध्ये खाली जमीन असते."

"साळेबुवा, तू साधी विहीर उतरतं तं झोपाळ्यावानी बसून उतरतं. बाईमानूस बरं."

ताई शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "बसून उतरते म्हनून तं धड वर येते. तुमी पाहा तुमचा सिनेमा."

मी तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. "दोन मिनिटं लटकून दाखवा," असं मी दाजींना म्हणालो.

दुसऱ्या दिवशी विहिरीतल्या मोटरच्या पाईपचा जोड निखळला. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. अशा वेळी मी उतरतो: दोराचा फास मांडीखाली, वर कडुनिंबाच्या बुंध्याला दोन वेढे. मी फास करत होतो तोवर दाजींनी दुसराच एक दोर झाडाला बांधून विहिरीत सोडला आणि चपला काढल्या.

"दाजी, फासात बसा. मी धरतो. आमच्याकडे बायकोचा भाऊच धरतो."

"कायले? आमी का लेकरं हाओ?"

आणि हातांवर हात टाकत ते उतरले. पहिले पंधरा फूट खरंच सिनेमासारखे गेले. वर बघून हसलेसुद्धा. मग थांबले. खाली अजून तीस फूट, पाण्यात मोटरचा लोखंडी सांगाडा. दोर थरथरायला लागला तसं मला कळलं.

"साळेबुवा," ते हळूच म्हणाले, "हात गेले."

त्या माणसाला एवढ्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी माझा फासाचा दोर त्यांच्याशेजारी सोडला, बुंध्याला वेढे दिले आणि ताईंना हाक मारली. त्या धावत आल्या आणि माझ्यामागं दोराचं शेपूट धरून बसल्या.

"पाय घाला फासात. हात सोडू नका. फक्त पाय."

पाय सापडेना. तेवढ्यात मुठी सुटायला लागल्या आणि ते हातभर घसरले. दोरावर तांबडं उमटलेलं वरून दिसलं. तिसऱ्या खेपेला पाय फासात गेला आणि सगळं वजन झाडावर आलं. बुंध्याची साल करकरली. वर ओढायचा प्रश्नच नव्हता. ऐंशी किलोचा माणूस आम्हा दोघांच्यानं उचलला जाणार नव्हता. वीतवीत सोडत त्यांना खाली पाण्यालगतच्या खडकाच्या पायरीवर बसवलं. ताईंनी शेजारच्या वावरातली माणसं बोलावली. सहा जणांनी शिव्या देत, धापा टाकत त्यांना वर काढलं. सहा. हिरो एका हातानं काढतो.

दाजींची बोटं मिटलेलीच होती. मी ती एकेक करून उघडली. तळव्यांवर कातडी उरली नव्हती.

पुढं बरेच दिवस ताई त्यांना हातानं भरवत होत्या. ते माझ्याशी बोलत नव्हते. मला वाटलं आता सामान बांधावं. माझ्या जिभेनं हे झालं, असंच मी धरून चाललो होतो.

मग एका दुपारी तोच सिनेमा पुन्हा लागला. मी उठायला लागलो.

"बस ना," दाजी म्हणाले. हिरो दोरावर लोंबकळत होता. दाजी पट्ट्यांचे हात मांडीवर ठेवून पाहत होते.

"वर दोर कोनं धरला हाय याचा?"

"कोनी नाई," ताई म्हणाल्या. "खुंटीले बांधला हाय."

"खुंटीले?" दाजींनी माझ्याकडं पाहिलं. "याले साळा नाई काय?"

ताईंनी त्यांच्या तोंडात घास कोंबला. हरभऱ्याला शेजारच्या विहिरीचं पाणी चालू होतं, पण मोटरचा पाईप अजून तसाच होता. मी फासाचा दोर घेऊन उठलो तर दाजी मागोमाग निघाले, आणि विहिरीपाशी, दोर हातात धरता येत नव्हता म्हणून, त्याच्या शेपटावर बूड टेकून बसले.